बिनपगारी मसलतगार

पुणे-बंगळूर हमरस्त्याने कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला, की लवकरच कर्नाटकाच्या हद्दीतले कोगनोळी लागते. या मुलखात ऊस, तंबाखू आणि सल्ला ही तिन्ही पिके अमाप येतात. पैकी पहिल्या दोहोंस पाणी, खत आणि बाजारभाव यांची अपेक्षा असते, तिसऱ्यास मात्र कोणाचे तरी यंत्र बिघडणे एवढेच पुरते. बिघाडाची वार्ता कर्णोपकर्णी कशी पोहोचते हे कोणत्याही शास्त्रास उमगलेले नाही. परंतु मिस्त्रीने पहिला पान्हा हाती घेण्यापूर्वीच डोईवर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हाती चंची अशा सरंजामानिशी जे गृहस्थ जागेवर हजर होतात, ते आमचे आप्पा. कोठे त्यांस दाजी म्हणतात, कोठे अण्णा; इसम गावोगावी तोच. उमेदीच्या काळात त्यांनी एस.टी.त, साखर कारखान्यात अथवा पाटबंधारे खात्यात चाकरी केलेली असते. नेमका हुद्दा कोणता, हे समोर कोणते यंत्र उघडे पडले आहे त्यावर ठरते.

दिवाळी सरून गुऱ्हाळे सुरू झाली आणि चरक फिरविणारे जुने ऑइल इंजिन ऐन हंगामात रुसले, म्हणजे आप्पांच्या प्रतिभेस विशेष बहर येतो. या सावकाश चालीच्या इंजिनास दोन्ही अंगांस अवजड फ्लायव्हील असतात आणि बेअरिंग बदलावयाचे तर त्यांतले एक उतरविणे प्राप्त होते. चाक आणि क्रँकचा दांडा यांच्या खाचेत एक निमुळती, डोके असलेली पोलादी चावी ठोकून बसविलेली असते; वर्षानुवर्षांचा गंज, जळके तेल आणि रसाचा चिकटा यांनी तिला तेथील कायम कूळ करून ठेवलेले असते. तिला बेदखल करण्याची रीत मिस्त्रीस पक्की ठाऊक असते: रात्रभर सांध्यात डिझेल मुरू द्यावे, चावीचे डोके आणि चाकाचा तुंबा यांमधील फटीत पाचर घालून बेताने ठोकावे, आणि तरीही न मानल्यास गॅसच्या ज्योतीने तुंबा झपाट्याने तापवावा, म्हणजे आतला दांडा तापण्यापूर्वी तो प्रसरण पावून पकड सोडतो. आप्पांस ही रीत नामंजूर असते असे मुळीच नाही. ती आपल्या मुखातून फर्मान म्हणून निघावी, एवढाच त्यांचा आग्रह.

"अंगात आल्यागत घण घालू नगंस. चावीचं टकुरं मोडलं तर मग काय करशील?"

"न्हाई घालत आप्पा. तुमी जरा मागं सरा, पाचर उडंल."

आप्पा वीतभर मागे सरतात आणि तेवढ्या माघारीची भरपाई इतिहासाने करतात. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावली म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना औंध संस्थानातल्या ओसाड माळावर हलविला, ही हकीकत ते अशा आवेशाने कथन करतात, की सामान गाडीत चढविताना एका बाजूने टेकू यांनीच दिला असावा असा ऐकणाऱ्याचा ग्रह व्हावा. कारखाना इकडेच राहता, तर इंजिनाचे पार्ट सायकलीवरून जाऊन आणता आले असते, असा निष्कर्ष काढून ते चंची सोडतात.

यंदा मात्र मसलतीत एक प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. गुऱ्हाळमालकाचा पुतण्या बेळगावास इंजिनिअरिंग शिकतो. त्याने मोबाइल पुढे करून हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या मोटारींतल्या रोटरी इंजिनाचे आख्यान लावले. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेतून निघालेल्या या इंजिनात पिस्टनच नसतो, त्रिकोणी रोटर गरगरतो. आणि त्याचे फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर बसवून ५४ मिलिमीटरच्या नटाने इतके आवळलेले असते, की मीटरभर लांबीचा पाइप पान्ह्यास लावून त्याच्या टोकास चाळीस-पन्नास किलोचे पोते टांगावे तेवढा तो जोर. नट सुटला तरी निमुळत्या दांड्याची पकड सुटत नाही. पुलर लावून ताण दिला, वर ठोके घातले, की चाक एकाएकी धाडकन निखळते, म्हणून नट काही आट्यांवर तसाच ठेवावयाचा असतो.

"न्हाईतर चाक पायावर येतंय. मघाशी मी काय म्हणलो?" आप्पा म्हणाले. मघाशी ते या विषयावर अवाक्षर बोलले नव्हते. पण हरकत घेण्याची छाती कोणास झाली नाही.

"ही मोटार निघाली कवा म्हणं?"

"माझदाची पयली १९६७ ला, आप्पा. १९९१ ला लं मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली ह्या इंजानानं. त्यातली आरएक्स-८ २०१२ ला बनायची थांबली."

आप्पांनी चुना मळता मळता हिशेब घातला. "सदुसष्ट म्हंजे महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीवर महाजन आयोगाचा अहवाल आला ते साल. बग, इंजान निघालं, पळालं, शर्यत जिंकलं, मोटार बनायची बंदबी झाली. आमचा सरहद्दीचा खटला हाय तितंच अडकलाय. आन तुमी सकाळधरनं अडकलेल्या चावीला भिताय व्हय रं?"

नव्या विद्येचा असा निकाल लागत असतानाच मिस्त्रीने ज्योत बाजूला धरून पाचरेवर एक मोजका ठोका दिला, आणि इतका वेळ कोणासही दाद न देणारी चावी बोटभर बाहेर आली. आप्पांनी जमलेल्या मंडळींकडे एकवार पाहिले. मिस्त्रीकडे पाहण्याची त्यांस गरज भासली नाही.

मालकाने चहा मागविला, पहिला कप आप्पांस दिला, आणि मिस्त्रीच्या मजुरीत दोनशे रुपयांची सूट मिळविण्याची रदबदली त्यांच्याकडेच सोपविली. तीही त्यांनी विनामोबदला पार पाडली.