घरच्या घरी ब्रेकची हवा काढणे

सायकलच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर पाव दाबावा तसा हँडलपर्यंत दबला, की नळीत हवा शिरली असे समजावे. तेल दबत नाही, हवा दबते. त्यामुळे बोटांचा सगळा जोर एका बुडबुड्यावर खर्ची पडतो आणि चाक आपले निवांत फिरत राहते. दुकानवाला हे काम पटकन करून देईल. पण आपण व्हिडिओ पाहिलेला असल्यामुळे रविवार मोकळा ठेवावा.

आधी तेल. शिमानोला मिनरल ऑइल लागते, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट ५.१. अदलाबदल केलीत तर आतले रबरी सील कामातून जातात. घरातून शिवणयंत्राच्या तेलाची सूचना येईल, मग खोबरेलाची. खोबरेल पुण्याच्या थंडीत गोठते, एवढे बोलून विषय मिटवावा.

आपला ब्रेक शिमानोचा आहे असे धरू. चाक काढा, पॅड काढा आणि पॅड लांब ठेवा. लांब म्हणजे दुसऱ्या खोलीत. त्यांना तेलाचा थेंब लागला की नवे घ्यायची तयारी ठेवा. पिस्टनच्या मध्ये पिवळा ठोकळा बसवा, नाहीतर लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात. चाक नसलेल्या सायकलचा लिव्हर कोण दाबणार, असे वाटते ना? येणारा-जाणारा प्रत्येक जण.

लिव्हर जमिनीला समांतर करून वरचा बारीक स्क्रू काढा, तिथे फनेल बसवा. स्क्रूबरोबर एक इवलीशी रबरी रिंग येते. ती खाली पडली तर गॅलरीच्या जाळीतून थेट खालच्यांच्या तुळशीत जाते. आता तेल भरलेली सिरिंज कॅलिपरच्या निपलला जोडा, ७ मिमीच्या पान्याने निपल किंचित सैल करा आणि सावकाश दाबा. तेल खालूनच ढकलायचे, कारण हवेला वरच जायचे असते. नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत राहा. फनेलमध्ये आधी ठळक बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे, मग काहीच नाही. इथे खुश होऊ नये. लिव्हर थोडा वर, थोडा खाली कलवावा. कोपऱ्यात दबा धरून बसलेला एक तेव्हा बाहेर पडतो.

आधी निपल बंद, मग सिरिंज काढायची. हा क्रम उलटा केलात तर पुढचा तास फरशी पुसण्यात जाईल. वरचा स्क्रू तेल काठोकाठ असतानाच लावा, नाहीतर हवा पुन्हा आत.

सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड आणि चाक चढवा, सपाट रस्त्यावर वेग घेऊन पुन्हा पुन्हा ब्रेक दाबा. पहिली चाचणी सिंहगडाच्या उतारावर घेऊ नये. उरलेले तेल मोरीत न ओतता बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्यावे.

हा पुढचा ब्रेक झाला. मागच्याची नळी बरीच लांब असते.