आधी नकार निवडा

इंग्लंडमध्ये पदवीसाठी अर्ज करताना मुलाला पाच पर्याय भरता येतात. मात्र त्यांत ऑक्सफर्ड घातले की केंब्रिज घालता येत नाही, आणि केंब्रिज घातले की ऑक्सफर्ड. कोणते, ते 15 ऑक्टोबरच्या आत सांगायचे. म्हणजे दोघांपैकी एकानेही अजून ‘ये’ म्हटलेले नसताना आपण कोणाला ‘नको’ म्हणायचे, ते आधी ठरवायचे.

ही भाऊबंदकी जुनी आहे. 1209 साली ऑक्सफर्डात विद्यार्थी आणि गावकरी यांचे फाटले, गावाने काही विद्यार्थ्यांना फासावर दिले. उरलेल्यांतले काही जीव मुठीत धरून पळाले आणि केंब्रिजला वेगळी चूल मांडली. आठशे वर्षे उलटली, तरी दोघे अजून एकमेकांचे नाव घेत नाहीत, ‘ती दुसरी जागा’ म्हणतात. एका रक्ताचे असल्यामुळे वेगळेपण दाखवायला फार कष्ट पडतात. प्राध्यापकाने एक-दोघांना समोर बसवून त्यांचा निबंध सोलून काढायचा, हे दोन्हीकडे सारखेच. एकीकडे त्याला ट्युटोरियल म्हणतात, दुसरीकडे सुपरव्हिजन. सत्र दोन्हीकडे आठ आठवड्यांचे. रंग दोघांचा निळा, एकाचा गडद, एकाचा फिका. सपाट होडी काठीने ढकलताना केंब्रिजवाला टोकाच्या फळीवर चढतो, ऑक्सफर्डवाला होडीच्या आत उभा राहतो. यावरून ते एकमेकांना अडाणी समजतात. केंब्रिजचा ‘मे आठवडा’ जूनमध्ये येतो, तो भाग वेगळा.

पुण्यात आमच्या ओळखीच्या एका घरात सध्या ऑक्सफर्ड की केंब्रिज, याच प्रश्नावर बैठका चालू आहेत. आजोबांचे मत केंब्रिज. कारण रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये त्या परीक्षेत पहिले आले (विभागून; पण हे पुण्यात कोणी सांगत नाही) आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. जयंत नारळीकर रँग्लर, त्यांचे वडीलही रँग्लर. आता नातवाला शिकायचाय इतिहास, आणि इतिहासात रँग्लर होता येत नाही, हे आजोबांना सांगायचे कोणी, यावर घरात एकमत नाही.

काका ऑक्सफर्डचे. तिथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवतात, आणि ते शिकून ऋषी सुनक पंतप्रधान झाले. लिझ ट्रसही तेच शिकून पंतप्रधान झाल्या आणि पन्नास दिवस भरायच्या आत उतरल्या, एवढा तपशील काका गाळतात. आई दोन्ही बाजू सांभाळणारी. मनमोहन सिंगांनी केंब्रिजला पदवी घेतली, ऑक्सफर्डला डॉक्टरेट. मग आपल्याही पोराने दोन्ही करावे. वडील काही बोलत नाहीत. ते रोज सकाळी पौंडाचा भाव बघतात.

पोराने एकदा चाचरत सुचवले, की दोन्हीकडचा इतिहासाचा अभ्यासक्रम वाचून पाहू या का. कुठे काय शिकवतात, परीक्षा कशी घेतात. त्याला गप्प बसवण्यात आले. असल्या किरकोळ गोष्टींवर का कोणी आयुष्याचे निर्णय घेते? शिवाय खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या लेखी निकाल कधीच लागला आहे: ‘लंडनला चाललाय म्हणे!’ दोन्ही विद्यापीठे लंडनपासून तासाभराच्या रेल्वे प्रवासावर आहेत, पण काकूंना ते पटवायला आणखी एक बैठक लागेल.

एकाच अर्जाच्या त्या नियमाला पालक उगाच नावे ठेवतात. माझ्या मते यापेक्षा दयाळू नियम इंग्रजांनी केलेला नाही. जानेवारीत नकार आला, की त्या वर्षी दुसरीकडे विचारायची सोयच नाही. त्यामुळे ऑक्सफर्डने परत पाठवलेला मुलगा पुढची पन्नास वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगू शकतो, की ‘केंब्रिजला टाकला असता ना, तर नक्की झालं असतं.’ आणि हे खोटे पाडायला खुद्द केंब्रिजकडेही कागद नाही.