ऐंशीवरून त्रेसष्टवर

डॉक्टरांना क्षयरोगाचं प्रशिक्षण देण्याचं खूळ मुंबईत वरचेवर उठतं आणि दर वेळी शहराच्या एका जुन्या परंपरेवर घाला पडतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इथल्या झोपडपट्टीतल्या १०० खासगी डॉक्टरांना विचारलं होतं, टीबीच्या पेशंटला औषधं काय लिहून द्याल? त्यांनी मिळून ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या. लालबाग-परळच्या मंडळांनाही एका वर्षात इतके निराळे देखावे सुचत नाहीत.

पुढे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ डॉक्टरांना तसंच विचारलं. २०१० साली निष्कर्ष छापून आले: योजना फक्त ६३. डॉक्टर सहा वाढले आणि योजना सतरा घटल्या! अभ्यासकांना या गळतीचं काहीच नाही. त्यांची चिंता भलतीच, की बरोबर योजना सहाच जणांना लिहिता आली.

ती ‘बरोबर’ योजना असते तरी काय? साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यांतली दोन-तीन. पेशंटचं वजन बघायचं, डोस ठरवायचा, संपलं. परळपासून पालघरपर्यंत सगळीकडे हीच चिठ्ठी मिळणार असेल, तर पेशंटने दवाखाना बदलायचा कशासाठी?

निदानाचं नुकसान तर विचारू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, असं शिकवतात. ही तपासणी महापालिकेकडे फुकट होते, इथेच तिच्याबद्दल संशय यायला हवा. नाक्यावरचे आपले डॉक्टर कसे बेताबेताने जातात बघा. आधी खोकल्याची बाटली. मग ‘हवा बदललीय’. मग जरा भारी अँटिबायोटिक. ते फ्लुरोक्विनोलोन गटातलं निघालं तर बहारच, कारण त्याने टीबीचे जंतू काही दिवस दबतात, पेशंटला उतार पडतो आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं चाळभर होतं. खोकला परत येईपर्यंत ही कीर्ती तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते. (टीबीही पोचलेला असतो, पण त्याचं श्रेय डॉक्टर घेत नाहीत.)

एक्स-रे काढलाच, तर ‘टीबी’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘छातीत छोटासा पॅच आहे’ म्हणायचं. हा पोच कुठल्या कार्यशाळेत शिकवणार? घरात लग्नाची मुलगी असते. टीबीचं रुग्णालय शिवडीला, त्यामुळे ‘शिवडीला नेलं’ एवढं जिन्यात कुणाच्या कानावर गेलं की ठरत आलेलं स्थळ फिरतं. पॅचला शिवडी लागत नाही, टॉनिक पुरतं. शिवाय टीबी ओळखणारी म्हणून रक्ताची एक तपासणी होती. भरवशाची नसली तरी रिपोर्ट छान छापील मिळायचा. २०१२ साली सरकारने तिच्यावर बंदी आणली. त्याच वर्षी प्रत्येक टीबी रुग्ण सरकारला कळवायचा, असाही हुकूम निघाला. सुदैवाने पॅच कळवायला कुणी सांगितलेलं नाही.

इतक्या वर्षांच्या साधनेला फळही आलं. २०११च्या अखेरीस उदवाडियांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू बधत नव्हते. अर्धवट डोस, चुकीची जोडी, मध्येच सोडलेला कोर्स, एकही धडा जंतूंनी बुडवला नव्हता. केंद्राने तातडीने हालचाल केली आणि अशा टीबीला दिलेल्या नावावर आक्षेप घेतला. पॅचची परंपरा दिल्लीतही आहे, हे कळून बरं वाटलं.

एवढं होऊनही प्रशिक्षण टाळता येत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. म्हणून दादरच्या एखाद्या हॉलमध्ये रविवारी डॉक्टर जमतात, सही करतात, दिवे मालवले की जरा डोळा लावतात, जेवतात आणि सर्टिफिकेट घेऊन जसेच्या तसे दवाखान्यात परततात. तेव्हा फार काळजीचं कारण नाही. प्रश्न राहतो धारावीतल्या त्या सहा जणांचा. ते कुठल्या रविवारी जागे राहिले, हे विचारायला हवं होतं. पण अभ्यासकांनी नावं छापलेली नाहीत.