कल्ले न पाहता

मासळी घेताना मी कोणावरही विश्वास ठेवत नाही. डोंबिवलीच्या बाजारात ज्या मावशीकडून मी गेली तीस वर्षं मासे घेतो, तिच्यासमोरसुद्धा आधी कल्ला उचलतो, मग पोटाला बोट लावून बघतो, मग डोळा. "साहेब, बांगडा घ्यायला आलाय की मुलगी बघायला?" असं ती दर रविवारी विचारते. मी हसतो आणि पुढच्या बांगड्याचा कल्ला उचलतो. मूळ गाव मालवणचं. आमच्याकडे मुलाला पाढे येण्याआधी ताजी मासळी ओळखता यायला लागते.

त्यामुळे टोकियोत लेकीने जेव्हा "बाबा, उद्या ओमाकासेला जायचं," असं जाहीर केलं आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मला घामच फुटला. ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. हा शब्द तिथले लोक न्हाव्यालाही म्हणतात म्हणे. पण न्हाव्याने घोळ केला तर केस परत येतात.

"म्हणजे मेनू कार्ड नाही?"

"नाही."

"फळ्यावर काही लिहिलेलं?"

"नाही, बाबा."

"मग काय मिळणार ते कळायचं कसं?"

"मिळालं की कळेल."

लेक दहा वर्षं तिकडे आहे. राहते निशी-कासाईला. तिथे भारतीयांची वस्ती एवढी की तूरडाळ, कढीपत्ता, इडलीचं पीठ, सगळं हाताशी. पहिले पंधरा दिवस सौ.ने पोहे आणि वरणभात यांच्या जोरावर जपानला दारातच थोपवून धरलं होतं. त्यामुळे लेकीच्या घराजवळच्या गल्लीतलं ते आठ खुर्च्यांचं दुकान हेच आमचं खरं जपानमधलं पहिलं पाऊल. दारावर कापडी पडदा, तो डोक्याने सारून आत शिरायचं. आत लाकडाचा एक सरळसोट ओटा, त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे साठीचा एक गृहस्थ. चहा आणून देणारी त्याची बायको. बस, एवढाच कारभार. माणशी आठ हजार येन, म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपये. आकडा ऐकून सौ.ने मनातल्या मनात त्याची पापलेटं करून पाहिली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

सुशी करणाऱ्याला गिऱ्हाइकं 'ताइशो' म्हणतात. शब्दशः सेनापती. हे सेनापती दिसायला गावच्या पोस्टमास्तरासारखे होते. त्यांनी मान लवून आम्हा तिघांकडे एकेकदा पाहिलं. एवढंच. मी मात्र मान उंचावून काचेच्या पेटीत डोकावलो. सवय. आत माशांचे नुसते गुळगुळीत तुकडे मांडलेले. कल्ला नाही, डोळा नाही, शेपूट नाही. पुरावा म्हणून काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

पहिला घास माकुलाचा आला. मऊ, पांढरा, वरून ब्रशने सोया सॉसचा हात फिरवलेला. मी सवयीने लिंबू शोधलं, चटणी शोधली. लेक कुजबुजली, "बाबा, काही लावायचं नाही. त्यांनी लावलंय. ठेवला की लगेच खायचा, भात कोमट आहे तोवर." भाताला तिथे 'शारी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'शरीर'वरून गेलेला. बुद्धाच्या अस्थींना संस्कृतात शरीर म्हणत, ते बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलं, आणि तसेच पांढरे बारीक कण म्हणून भाताला ते नाव पडलं. ज्या भातावर माझं शरीर पोसलं त्यालाच शरीर म्हणतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. सौ.ला वाटलं नाही. "जेवताना अस्थी कशाला काढता," म्हणाली.

वासाबीची गंमत निराळी. ताइशोंनी एक हिरवट मुळी काढली आणि फळीवर चिकटवलेल्या खरखरीत कातडीवर गोल गोल उगाळू लागले, अगदी सहाणेवर चंदन उगाळावं तशी. ती कातडी शार्कची. म्हणजे आमच्या मोरी माशाच्या भाऊबंदांतली! मालवणात मोरीची सागुती होते, आणि कातडी खरवडून फेकून देतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या किसणी फेकत आलो की काय, या विचाराने चौथा घास तोंडात कधी गेला ते कळलंच नाही. वासाबी नाकात चढल्यावर कळलं.

मध्ये कोहादा आला. तारलीच्या नात्यातला, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला चंदेरी मासा. जपानमध्ये काही माशांना वाढत्या वयाबरोबर नावं बदलून मिळतात, सरकारी नोकरीत बढती मिळावी तशी. याचं पिलू असताना नाव शिंको, मग कोहादा, मग नाकाझुमी आणि पुरता मोठा झाला की कोनोशिरो. फक्त याच्या बढतीचा प्रकार उलटा. पिलाला सोन्याचा भाव आणि वय वाढेल तशी किंमत उतरत जाते. बँकेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. मी त्या माशाकडे आदराने पाहिलं आणि खाल्लं.

त्यानंतर आला साबा, म्हणजे बांगड्याचा परदेशातला चुलतभाऊ. इथे मात्र माझी परीक्षा होती. बांगड्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. हाही मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, त्याचा तेलकटपणा अलगद जिभेवर सुटत होता. चूक काढायला मी दोनदा चावून पाहिलं. सापडली नाही, याचा थोडा रागही आला. जपानीत आकड्यांची लबाडी करण्याला 'साबा मोजणं' म्हणतात, विशेषतः वय चोरण्याला. बाजारात बांगडे मोजताना दोन-चार इकडचे तिकडे व्हायचेच, त्यावरून आलेला शब्दप्रयोग म्हणतात. डोंबिवलीच्या मावशीला सांगायला हवं.

लेक मधूनमधून इतिहास सांगत होती. मूळची सुशी म्हणजे भातात महिनोन् महिने दडपून आंबवलेला मासा. मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. सौ. आणि मी एकदमच "भात टाकून?" म्हणून ओरडलो. ताइशोंनी दचकून वर पाहिलं. पुढे एदोमधल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या लोकांना एवढी वाट पाहायला सवड राहिली नाही. त्यांनी भातालाच आंबट करून वर मासा ठेवला. 1820च्या दशकातल्या हानाया योहेई नावाच्या माणसाला याचं श्रेय देतात. गाडीवर, उभ्याउभ्या, आजच्या दुप्पट-तिप्पट आकाराचा घास. म्हणजे मुळात वडापावच.

पण मला आवडली ती युद्धानंतरची गोष्ट. 1947 साली अन्नटंचाईमुळे सरकारने खाणावळी बंद करायला लावल्या. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी परवानगी मिळवली ती अशी: गिऱ्हाइकाने घरून एक 'गो', म्हणजे दीडशे ग्रॅम तांदूळ आणायचा आणि त्याच्या बदल्यात दहा सुशी करून न्यायच्या. आम्ही जेवण विकत नाही, फक्त करून देण्याची मजुरी घेतो! गिरणीत दळण न्यावं तसे लोक तांदळाची पुरचुंडी घेऊन रांगेत उभे असणार. रेशनची रांग मी लहानपणी आईचं बोट धरून पाहिली आहे. समोरच्या त्या गुळगुळीत ओट्याकडे मला त्यानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहता आलं.

मात्र खरी गोष्ट घडली ती सातव्या घासाला.

मी जन्माचा डावखुरा. आमच्या आजीने हे कधीच मान्य केलं नाही. पंगतीत डावा हात पानाकडे वळला रे वळला की तिचा आवाज यायचा, "उजवो हात खंय गेलो?" आणि पाठोपाठ पाठीत धपाटा. शाळेत मास्तरांनी पट्टीने तेच काम पुढे नेलं. मी उजव्या हाताने लिहायला, जेवायला शिकलो. बँकेत चाळीस वर्षं सह्या उजव्या हाताने केल्या. डावा हात उरला तो आजीची नजर नसलेल्या कामांपुरता. बाटलीचं झाकण फिरवायला, गल्लीतल्या क्रिकेटला आणि माशाचा कल्ला उचलायला.

त्या रात्री मी सगळे घास उजव्या हाताने उचलत होतो. तिथे सुशी हाताने खाल्लेली चालते, हे एक सुख. पण ओला पंचा घेणं, चहाचा पेला उचलणं, आल्याचे काप सारणं, हे सगळं डावा हात आपला परस्पर करत असणार. मला पत्ताही नव्हता. ताइशोंना होता. सहा घास त्यांनी जसे तिरपे ठेवले होते, त्याच्या नेमक्या उलट्या बाजूला कललेला सातवा घास त्यांनी माझ्यासमोर ठेवला. सौ.चा आणि लेकीचा मात्र पहिल्यासारखाच. लेकीने हळूच समजावलं, "डावखुऱ्याला असाच ठेवतात, बाबा."

तोंडाने एक अक्षर नाही. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आता आली का पंचाईत! उजव्या हाताने तो उलटा घास धरता येईना, बोटं वेडीवाकडी व्हायला लागली. आणि डावा पुढे करावा तर सुमारे सात हजार किलोमीटरवरून आजी म्हणत होती, उजवो हात खंय गेलो? सातवा आणि आठवा मी कसरत करून उजव्यानेच खाल्ला. आठव्याचा भात निम्मा पडला. ताइशोंनी नववाही तसाच ठेवला. दहावाही.

अकरावा वामेचा होता. शिजवलेला, इतका मऊ की जरा जोर लागला तर मोडणार. मी इकडेतिकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. घास आपणहून हातात आल्यासारखा आला.

"अहो," सौ. म्हणाली, "डावा हात."

"त्यांनीच तसा ठेवलाय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे साक्षीदार होता.

शेवटी आलं गोडसर अंड्याचं तामागो, अगदी केकसारखं. मी निर्धास्तपणे डाव्या हाताने खाल्लं. सौ. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग कोणी पाहत नाही असं पाहून तिने स्वतःचं तामागो डाव्या हाताने उचललं. ते थेट तिच्या मांडीवर पडलं.

ताइशोंनी न बोलता दुसरं ठेवलं. सरळ.