नांदते की नाही, पोलीस सांगतील

भंडारा जिल्ह्यात सोयरीक जुळवायची तर चौकशीचं खातं पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. पोराचा पगार किती, बापाची बांधी किती, बांधीला पाणी नहराचं की आभाळाचं, पोरगा सकाळी कोणत्या टपरीवर तर्री-पोहे खातो आणि अंधार पडल्यावर कोणत्या टपरीमागे दिसतो, हे सगळं दोन दिवसांत मुलीकडच्यांच्या हातात असतं. लाखांदूरची बातमी तुमसरला पोचवायला फोनसुद्धा लागत नाही, मोहाडीच्या बाजारात एक आत्या भेटली की पुरे. या खात्याला बजेट नाही, संकेतस्थळ नाही आणि त्याचा सर्व्हर आजवर कधी डाऊन झालेला नाही.

पोराने परदेशी बायको केली की मात्र आत्याचे अधिकार गोठवले जातात आणि प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं.

समजा, लाखनीचा एक पोरगा. पुण्यात शिकला, म्युनिकला नोकरीला लागला, तिथलीच मुलगी आवडली. दोघांनी ठरवलं की गावी येऊन लग्न करायचं आणि इथेच राहायचं. (सगळे म्युनिकला जायला निघालेले असताना हा उलट्या गाडीत बसला म्हणजे याचं डोकं फिरलंय, हा ठराव गाव एकमताने मंजूर करतं. तो आजचा विषय नाही.) मुलगी पर्यटक म्हणून येते. ई-व्हिसा २०१४ पासून सुरू आहे, घरबसल्या मिळतो. ताजमहाल पाहायला येणाऱ्या माणसावर आपल्या सरकारचा पूर्ण भरवसा आहे. तो माणूस आग्र्याऐवजी लाखनीला उतरला की भरवसा डळमळतो.

पहिलं काम म्हणजे आजवर ज्याला सी फॉर्म म्हणत आले, तो फॉर्म. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत यजमानाने कळवायचं. लोकांना वाटतं, हे हॉटेलवाल्यांचं काम. पण पाहुणी घरात उतरवली तरी कळवावंच लागतं. म्हणजे होणारी सासू कायद्याच्या नजरेत लॉजची मालकीण. बिचारी पाहुणीला गरम पाणी काढून देते, वर भाताबरोबर लाखोळीच्या डाळीचं वरण वाढते, आणि मुलगा शेजारी बसून विचारतो, ‘आई, तुझा मोबाइल नंबर यजमान म्हणून टाकू का?’ गावाला तर चोवीस तासांची ही मुदत फारच ढिली वाटते. गावाला चोवीस मिनिटांत कळलेलं असतं, शिवाय तिने नाकात काय घातलंय तेही.

आता सगळं सुटसुटीत झालंय, असं दिल्लीत सांगतात. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे मोडीत काढून १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी एकच नवा कायदा लागू झाला. चार कायद्यांचा एक झाला म्हणून कागदही चौथाईवर येतील असं ज्यांना वाटलं, त्यांनी चार भावांची चूल एक झालेली कधी पाहिली नसावी.

मग लग्न. विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोघांपैकी एकाने तरी नोटीस देण्याआधी तीस दिवस जिल्ह्यात राहिलेलं हवं, नोटीस दिल्यावर पुन्हा तीस दिवस थांबायचं. ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. झाडीपट्टीच्या नाटकात ‘थांबा, हे लग्न होणार नाही!’ म्हणत एक माणूस विंगेतून शिरतो. सरकारने त्याच्या प्रवेशासाठी अख्खा महिना राखून ठेवला आहे. हरकतीची कारणं मात्र कायद्याने मोजकीच ठेवली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय पूर्ण नसणं, मनाची स्थिती, निषिद्ध नातं. जात कोणती, मानपान काय ठरला, देवक कोणतं, यांतलं एकही कारण चालत नाही. त्यामुळे नोटीस वाचून बरेच जण निराश होऊन परततात.

तीन साक्षीदार उभे करून सह्या होतात. दाखला मिळतो. पोराला वाटतं, झालं. खरा विवाह इथून पुढे सुरू होतो.

पर्यटक व्हिसा बदलून भारतीयाच्या जोडीदाराचा एंट्री व्हिसा घ्यायचा असतो, त्याला एक्स-टू म्हणतात. अर्ज २०१८ पासून ऑनलाइन. मुंबईला वेगळं विदेशी नोंदणी कार्यालय आहे, आपल्यासारख्या जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे. या अर्जासोबत गृह मंत्रालयाला स्थानिक अहवाल हवा असतो. त्यात अर्जदाराचं पूर्वचरित्र, सुरक्षेची तपासणी आणि एक फार मोलाची गोष्ट लागते: नवराबायको एकत्र राहत असल्याची खात्री.

हा अहवाल कसा होत असेल, याचं मला अतोनात कुतूहल आहे. साध्या वेशातला जमादार दुपारी गाडी लावतो. शेजारी दार लोटून फटीतून बघतात. जमादार विचारतो, ‘मावशी, सूनबाई इथंच राह्यते का?’ सासू म्हणते, ‘इथं नाई तं कोठं जाईन बापा? ते का ढोरं चारत हाये.’ जमादार लिहून घेतो: पती-पत्नी एकत्र राहत असल्याचे आढळून आले. आढळून आले, हे महत्त्वाचं. बिबट्या आढळतो, तसा संसारही आढळावा लागतो.

मला भीती वाटते ती दुसरीच. हीच तपासणी उद्या साकोली, पवनी, लाखांदूरच्या देशी जोडप्यांना लागू झाली तर? नवऱ्याला विचारा, बायकोची जन्मतारीख काय. तो सांगेल एक जुलै. बायकोला विचारा नवऱ्याची. तीही सांगेल एक जुलै. सासऱ्याची एक जुलै, सासूची एक जुलै, कारण शाळेत नाव टाकताना गुरुजींना तीच सोयीची वाटली होती. जर्मनीचा अधिकारी हे कागद बघून टोळी पकडल्याच्या आनंदात साहेबाला फोन लावेल. एकत्र काढलेले फोटो मागा. लग्नाच्या अल्बममध्ये जोडप्याच्या मधे मामा उभा असतो. त्यानंतरचा फोटो एकदम निराधार योजनेच्या अर्जावरचा, तोही एकेकटा. एकमेकांना पाठवलेले संदेश मागा. तीस वर्षांच्या संसारात लेखी संवाद एकच, ‘येताना अर्धा किलो साखर’, आणि तोही पोरीने टाइप केलेला. नवरा झोपतो ओसरीत, बायको आत नातवंडांत. बायकोचं नाव घ्यायचं तर याला उखाणा लागतो. या पुराव्यांवर जिल्ह्यातली निम्मी लग्नं बोगस ठरतील आणि उरलेल्या निम्म्यांना त्रुटीपूर्तीसाठी पंधरा दिवस मिळतील.

परदेशी सुनेला मात्र सगळं सिद्ध करावं लागतं, कारण ती परकी. परकेपण मोजायची आपली पद्धतही पाहण्यासारखी आहे. बावनथडी ओलांडून बालाघाटची मुलगी तुमसरला नांदायला येते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा सरकारला प्रश्न पडला की परराज्यात जन्मलेल्या सुनेचं काय करायचं. लगेच सुधारणा निघाली: नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. नवरा चौथीत नापास होऊन शाळा सोडून बसला होता, तोच दाखला बायकोला महाराष्ट्राची बहीण करून गेला. इतकं मोठं मन सरकारला नदीच्या या बाजूला करता येतं. समुद्र आला की मात्र इंडेम्निटी बॉण्ड, आणि शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालेला.

व्हिसातून माफी असलेलेही आहेत. नेपाळ-भूतानच्या माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही. म्हणजे पोराला प्रेमात पडायचंच होतं तर काठमांडूपर्यंत पडायचं, एवढं दूर घसरत जायची गरज नव्हती, असं आमचे एक निवृत्त तलाठी म्हणतात. परदेशी माणूस भंडाऱ्याला नवा आहे असंही नाही. पवनीजवळ रुयाळ-सिंदपुरीच्या महासमाधीभूमीवर जपानी पाहुणे येतात, लोक कौतुकाने त्यांच्यासोबत फोटो काढतात. ते परत जाणार असतात, हे त्या कौतुकाचं मुख्य कारण. जो परत जायचं नाव घेत नाही त्याचं काय होतं, ते जपानहून येऊन नागपूरला राहिलेले भिक्खू भदन्त सुरेई ससाई सांगू शकतील. व्हिसाची मुदत संपून गेली, इथल्या लोकांनी त्यांच्यासाठी सह्यांची मोहीम चालवली, तेव्हा कुठे ऐंशीच्या दशकात नागरिकत्व मिळालं. भिक्खूला जनता लागली. सुनेला नवऱ्याची एकट्याची सही पुरते, फक्त ती प्रत्येक पानावर लागते.

जुनं काही बरं होतं का? स्वित्झर्लंडच्या नॉशाटेलमध्ये १९१३ साली जन्मलेली ईव्ह १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली. पुढे परमवीर चक्राचं डिझाइन तिने केलं. आज ती आली असती तर इंद्राचं वज्र रेखाटायच्या आधी, खानोलकरांसोबत खरोखर राहते का, हे बघायला दुपारी जमादार आला असता.

परदेशी जावयाची गोष्ट तर आणखी गमतीची. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात लग्नाच्या आधारावर नोंदणीने नागरिक होण्याची सोय होती ती फक्त बायकांना. सून आपली होऊ शकते, जावई कसा होईल, हे आपल्या आजीचं मत संसदेने १९८६ पर्यंत जपलं. त्यानंतर ‘व्यक्ती’ असा शब्द आला. जावई व्यक्ती आहे, हे मान्य व्हायला एकतीस वर्षं लागली.

असो. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलं की सूनबाई ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, कार्डाला पात्र. पंधरा हजार रुपये फी, वर सुरक्षा तपासणी, मग आजीवन व्हिसा. आजीवन म्हणजे लग्न आहे तोवर. न्यायालयाने काडीमोड दिला तर कार्ड रद्द होऊ शकतं, तशी तरतूद कायद्यातच आहे. सासूबाईंना ‘माहेरी पाठवीन’ म्हणायला केंद्र सरकारचं असं पाठबळ दुसऱ्या कुठल्या सुनेच्या बाबतीत मिळालेलं नाही. त्या कार्डावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाकी आधार कार्ड १८२ दिवस राहिलं तरी मिळतं. पूर्ण नागरिकत्व हवं तर सात वर्षं राहा, मग जर्मन पासपोर्ट सोडा, शपथ घ्या.

उलट दिशेचे लोक हे वाचून हसत असतील, त्यांनी हसू नये. आपली पोरगी लंडनमधल्या नवऱ्याकडे न्यायची तर तिथे एप्रिल २०२४ पासून नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न २९ हजार पौंड दाखवावं लागतं. पौंड ११५ रुपयांचा धरा, धानाचा हमीभाव २,३६९ रुपये धरा, चौदाशे क्विंटल धान झाला. एवढा धान तुमसरच्या बाजार समितीत नेणाऱ्या माणसाने लंडनला का जावं, हे इंग्रजांनी सांगितलेलं नाही.

आपल्या लाखनीच्या घरात एक्स-टू मिळाला. पोराने अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. या व्हिसावर नोकरी करता येणार नाही, धंदा करता येणार नाही, करायची तर आधी व्हिसा बदलून घ्यायचा. मोबदला घेऊन कुठलंही काम नाही. आषाढ लागला होता, बांधीत पऱ्हे तयार होते, रोवणीला बाया मिळत नव्हत्या. पोरगा म्हणाला, आई, हिला उद्या चिखलात उतरवू नको, नियमाचा प्रश्न आहे.

सासूने पदर खोचला. ‘रोवनीचे पैसे घरच्या सुनेले कोन देते रे?’