शिक्का कपाटात, फ्लॅट बाजारात

पेणला फ्लॅट विकायचा तर गिऱ्हाईक मिळणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. २०२४ साली अटल सेतू सुरू झाला, दिवा-रोहा गाडी होतीच, आणि मुंबईतल्या वन बीएचकेचा भाव ऐकून घाम फुटलेला माणूस पनवेल, पेण, नागोठणं, रोहा असा खाली खाली सरकत येतो. फ्लॅट बघतो, पसंत करतो, टोकन देतो. मग त्याच्या बँकेचा माणूस कागद चाळतो आणि जाता जाता म्हणतो, "सोसायटीची एनओसी तेवढी लागेल." इथवर हा व्यवहार दोघांचा असतो. इथून पुढे तो सेक्रेटरींचा होतो.

"काका, ते लेटर..."

"देऊ की. मीटिंगमध्ये ठेवतो."

"मीटिंग कधी आहे?"

"चेअरमनसाहेब खारघरला असतात. ते आले की."

चेअरमनसाहेब गणपतीला येतात. त्या दिवसांत पेणमध्ये मूर्तींच्या टेम्पोंतून वाट काढून घरी पोचणं हेच मोठं काम, मीटिंग कसली घेता? मग पितृपक्ष लागतो, त्यात सही करू नये. नवरात्रात शिक्का सापडत नाही, कारण तो खजिनदारांच्या कपाटात आणि खजिनदार लेकीच्या बाळंतपणाला बोरिवलीला. दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकाच्या कर्जमंजुरीची मुदत संपते आणि गिऱ्हाईक कर्जतकडे वळतं.

खरं तर सेक्रेटरी हा माणूस वाईट नसतो. पाण्याची टाकी वाहिली तर रात्री अकराला खाली उतरतो, पंपवाल्याशी भांडतो, आणि वर शिव्या खातो. वर्षभर त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. फ्लॅट विकायला काढलेला सभासद हा एकटाच त्याच्या दारात चप्पल काढून उभा राहतो. असा माणूस पहिल्या फेरीत मोकळा सोडण्याइतकं वैराग्य संतांनाच जमायचं.

आणि मग विषय निघतो रंगाचा. इमारतीला रंग काढायचाय, गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचंय, सभासद जाताना "स्वखुशीने" काही देऊन जातात. आकडा समोरून सांगितला जातो. स्वखुशी तुमची, आकडा कमिटीचा.

आता नियम काय म्हणतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याखाली सरकारने गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी केले. त्यातला ३८ क्रमांकाचा उपविधी काढून वाचा. सभासदाने फ्लॅट विकण्याचा इरादा १५ दिवसांच्या नोटिशीने कळवायचा. विक्रीसाठी संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. तरीही कोणाला तो हवाच असेल, तर समितीने महिन्याभरात निर्णय द्यायचा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही दस्त नोंदवताना तुमच्या सेक्रेटरीची चिठ्ठी कोणी विचारत नाही. ज्या कागदासाठी आपण चार महिने जिने चढतो, तो कायद्याने सक्तीचा नाही. सक्ती आहे ती बँकेच्या छापील यादीत.

पैशांचंही तसंच. हस्तांतर शुल्क ५०० रुपये, नव्या सभासदाचं प्रवेश शुल्क १०० रुपये. राहिला हस्तांतराचा प्रीमियम. त्याचा दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा, पण वरची मर्यादा सरकारने ऑगस्ट २००१ मध्येच घालून दिली : महापालिका हद्दीत २५,००० रुपये, क वर्ग नगरपालिकेत १०,०००, ग्रामपंचायतीत ५,०००. म्हणजे रोह्यात जास्तीत जास्त दहा हजार आणि शेजारच्या वरसे ग्रामपंचायतीत पाच हजार. त्यापलीकडे देणगी, फंड, रंग, गच्ची अशा कुठल्याही नावाने मागायचं नाही. इथल्या काही कमिट्यांनी मात्र यातला मुंबईचा आकडा तेवढा पाठ केलाय. पाणी एक दिवसाआड, प्रीमियम महापालिकेचा.

सोसायटीचीही बाजू आहे, नाही असं नाही. दोन वर्षं मेंटेनन्स थकवून, पार्किंगमध्ये जुनी गाडी सडत ठेवून "एनओसी द्या" म्हणणारे महाभागही आहेत. त्यांची बाकी वसूल करावी, बिनदिक्कत करावी. उपविधीने थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत साधं व्याजही लावू दिलंय. पण बाकी वसूल करणं वेगळं आणि जाणाऱ्याकडून तोरण बांधून घेणं वेगळं.

जिथे सोसायटीच नाही, तिथली गंमत याहून मोठी. इमारत उभी राहून पंधरा वर्षं झाली, बिल्डर मेंटेनन्स घेतोय, लिफ्ट बंद आहे आणि विकायला निघालात की तोच चौरस फुटाच्या भावाने "ट्रान्सफर चार्ज" मागतो. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पुरेसे खरेदीदार झाले की चार महिन्यांत सोसायटी नोंदवायला अर्ज करायचा असतो, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. बिल्डर करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय आहे. त्यासाठी अलिबागला जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं. पेणहून अलिबाग काही काशी नाही. पण वीस फ्लॅटवाल्यांनी एका दिवशी, एका कागदावर सह्या करायच्या म्हणजे काशीला जाणं सोपं.

आता यातली खरी विनोदी गोष्ट. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतला प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन ६० वर्षांच्या. तिथे मालक वेगळा, म्हणून विकताना त्याची परवानगी लागते, शुल्क लागतं. ते बोचतं, पण दर छापलेला असतो आणि भरल्याची पावती मिळते. पेण-रोह्यातल्या बहुतेक इमारती मालकीच्या जमिनीवर. इथे भाडेपट्टा नाही, जमीनदार नाही. ती उणीव आपल्या कमिट्यांनी भरून काढली. आपणच हात वर करून निवडून दिलेल्या सात जणांची आपण कुळं झालो, आणि तीही बिनपावतीची.

पेणकराला सहकारात पैसे अडकण्याची सवय आहे असं म्हणाल, तर २०१० साली व्यवहार थांबलेल्या पेण अर्बन बँकेच्या ठेवीदारांसमोर ते म्हणून बघा. आणि रोहेकरांनी एवढं आठवावं की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख लहानपणी याच गावात वाढले. त्यांच्या सहीवर देशाच्या नोटा चालल्या. आपल्याकडे एका लेटरहेडवरच्या सहीला दिवाळी उजाडते.

तर फ्लॅट विकणाऱ्यांनो, सेक्रेटरींच्या दारात तोंडी विनवण्या करणं आधी थांबवा. तोंडी विनंतीला तारीख नसते, म्हणूनच ती त्यांना इतकी आवडते. १५ दिवसांची नोटीस लेखी द्या, एनओसीचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दस्त झाल्यावर खरेदीदाराने सभासदत्वाचा अर्जही तसाच द्यावा. सोसायटीने तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या २२ व्या कलमाप्रमाणे तो सभासद झाला असं मानलं जातं. अर्ज घ्यायलाच नकार दिला, तर तोच अर्ज सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे देता येतो आणि नकार कळवला तर अपीलही तिथेच करता येतं. मागितलेली "देणगी" द्यायचीच वेळ आली, तर देण्याआधी एवढंच म्हणा : "काका, ठरावाची प्रत आणि पावती द्या."

बहुतेक ठिकाणी रंगाचं काम तिथेच रद्द होतं.