डिपस्टिकवाले काका

मुलुंडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सकाळी साडेसहाला खाली उतरा. दूधवाला, पेपरवाला आणि कुणाच्या तरी बॉनेटखाली कमरेपर्यंत गेलेले एक काका, ही मंडळी हमखास भेटतात. पहिले दोघे कामावर असतात. काका निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना जास्त घाई असते.

गाडी त्यांची असायलाच हवी असं नाही. स्वतःची प्रीमियर पद्मिनी कव्हर घालून कोपऱ्यात उभी असते. तिला ते 'फियाट'च म्हणतात आणि तिचं माहेर कुर्ल्याचं, हे न विचारता सांगतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये बाद झाली, ही माहिती त्यांनी तेव्हा लिफ्टमध्ये प्रत्येकाला दिली. पहिल्या मजल्यावर उतरणाऱ्यालासुद्धा.

त्यांची तपासणी बघण्यासारखी. "आत्ताच बंद केलीस ना? थांब पाच मिनिटं, तेल खाली बसू दे." तोवर जुन्या बनियनचं फडकं खिशातून निघतं. डिपस्टिक ओढायची, पुसायची, परत खुपसायची, परत ओढायची, उजेडात धरायची. टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, त्याचा वास घ्यायचा आणि काहीही बोलायचं नाही. एवढ्यात मालकाच्या पोटात गोळा येतो.

"काळं पडलंय का काका?"

"काळं पडणारच. काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. चहासारखं दुधाळ दिसलं तर घाबरायचं, म्हणजे पाणी शिरलं. ऑइलचा दिवा लागतो का?"

"सिग्नलला लुकलुकतो."

"गाडी काढल्या काढल्या?"

"नाही, भांडुपच्या पुढे."

"म्हणजे गरम झाल्यावर. हं."

त्या 'हं'मध्ये दहा-पंधरा हजार रुपये असतात.

निदान मात्र चोख. एलबीएस रोडवर मेट्रोच्या पत्र्यांमधून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाटकोपर गाठायचं म्हणजे इंजिन तापतं, तेल पातळ होतं. तेलाचा पंप फिरतो इंजिनच्या जोरावर, आणि सिग्नलला इंजिनच मंद. त्यात बेअरिंग झिजलेली असली की तेल फटीतून निसटतं आणि दाब पडतो. लोक काय करतात? रेस देतात. दिवा विझतो, झीज चालूच राहते. काकांचा स्वतःचा रक्तदाब वाढलेला आहे, तो बहुधा हे बघूनच.

एकदा मात्र काकांचा हात चुकला. सेक्रेटरींच्या मारुती ८००चा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा त्यांनी २०डब्ल्यू-४० काढून जाड २०डब्ल्यू-५० भरायला लावलं. दिवा गेला. काकांनी आठवडाभर पार्किंगमध्ये मान ताठ ठेवून फेऱ्या मारल्या. मग दिवा परत आला, तो रेस देऊनही जाईना. गॅरेजवाल्याने चेंबर खोललं. पंपाच्या तोंडाशी तेल गाळायची जाळी असते, ती काळ्या चिखलाने बुजली होती. ऑइलच्या दिव्याचं चित्र पूजेच्या झारीसारखं का काढतात ते त्या दिवशी मला पटलं. शुक्राचार्य आतच बसले होते. काका जाळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आधीच्या मालकाने वेळेवर तेल बदललं नाही." तेही खरंच होतं.

खरा दिव्याखाली अंधार आहे तो फियाटमध्ये. रोज सकाळी काका तिला जागच्या जागी पाच मिनिटं चालू करतात, बॅटरी उतरू नये म्हणून. रविवारी गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन परत. एवढ्यात तेल धड तापत नाही. ओल आणि न जळलेलं पेट्रोल आतच राहतं, तेल पातळ होतं, चिखल धरतो. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय आलेली मी पाहिली आहे. माझं लक्ष गेलंय हे कळताच काकांनी तेच फडकं फिरवलं आणि झाकण घट्ट लावलं. अशी गाडी आठवड्यातून एकदा ऐरोलीचा पूल ओलांडून नवी मुंबईपर्यंत पळवावी, एवढाच उपाय. हे गॅरेजच्या पोराने सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "पोरगा नवीन आहे."

तेव्हा तुमच्या जुन्या गाडीत ती झारी लाल झाली, तर रेस देऊन विझवू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, तेलाची पातळी बघा. पातळी ठीक असली तरी पुढे रेटू नका, टो करून न्या. बेअरिंगसाठी इंजिन खोलू देण्याआधी साधं प्रेशर गेज लावून दाब मोजायला सांगा. कधी कधी दाब ठीक असतो आणि स्वस्तातला स्विच बिघडलेला असतो. काकांना फोन केलात तर ते नक्की येतील. फक्त फियाट काढणार नाहीत, बेस्टच्या बसने येतील, तेवढा वेळ धरून चाला.